पाकळी उभी राहीना

मे महिन्यात आमच्या हिंगणघाटकडे केकवर बटरक्रीमची, म्हणजे बटर आणि साखर फेटून केलेल्या क्रीमची, फुलं काढायची म्हणजे उन्हाशी सरळ झुंज. बाहेर पारा ४५ च्या आसपास, आणि बटर तर ३२ ते ३५ अंशांतच वितळतं. पहाटे चारला उठून काम करावं म्हटलं तरी खोली थंड मिळत नाही. त्यामुळे या दिवसांत माझ्याकडे शिकून गेलेल्या मुलींचे फोन आले, की तक्रार काय असणार ते मला साधारण कळतं. पण गेल्या वर्षी समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला फोन वेगळा होता.

"ताई, पाकळी उभीच नाही होऊन राहिली. घट्ट केलं तर कडा फाटून राहिल्या. संध्याकाळी केक द्यायचा हाये."

गावातल्या एका शेतकरी जोडप्याच्या लग्नाला ५० वर्षं झाली होती. त्यांच्या नातीनं सांगितलं होतं की केकवर गुलाब नकोत, कपाशीची फुलं पाहिजेत. ही मागणीच मला इतकी आवडली की नोझलची, म्हणजे क्रीमच्या पिशवीच्या टोकाला लावायच्या तोट्यांची, पेटी उचलून मी मिळेल ती बस पकडली.

कपाशीचं फूल जास्वंदाच्या कुळातलं. पाच पाकळ्या, प्रत्येक शेजारणीवर थोडी चढलेली, फूल खोलगट, पूर्ण सपाट न उघडणारं. उमलतं त्या दिवशी पांढरट-पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. नातीला दोन्ही रंग हवे होते, सोबत फुटलेली बोंडंही. ज्या घरात आयुष्यभर कापूस वेचला, तिथे फूल चुकीचं काढून चालणार नव्हतं.

फोन करणाऱ्या मुलीच्या स्वयंपाकघरावर टिनाचं छत. ताटात आडवी पडलेली फुलं, आणि त्यांच्याच शेजारी दातेरी कडांची फुलं. एकाच भांड्यातलं क्रीम एकदा मऊ आणि एकदा कोरडं कसं, हेच तिला कळत नव्हतं. तिची सासू दारात उभी होती. "काहून वं ताई, पोरीचा हात बसला नाही का अजून?"

"हात चांगला आहे काकू, क्रीम तापलंय," मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. नोझलचा रुंद भाग खाली, निमुळता वर, मनगट बरोबर फिरत होतं.

क्रीम दोन कारणांनी मऊ पडतं. एक, प्रमाण चुकल्यामुळे, दुसरं, उष्णतेमुळे. दिसायला दोन्ही सारखीच, पण उपाय उलटे. ओळखायची सोपी रीत म्हणजे चमचाभर क्रीम दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचं आणि त्याची एक पाकळी काढून पाहायची. उभी राहिली तर दोष उष्णतेचा, तरीही लवंडली तर प्रमाणाचा. तिनं मऊ क्रीममध्ये साखर वाढवत नेली होती. साखरेनं बटर गार होत नाही. तेच क्रीम फ्रीजमधून काढलं की जादा साखरेमुळे कोरडं पडायचं आणि पाकळीची कड फाटायची. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं.

पाकळी मध्येच तुटत होती त्याचं कारण मात्र वेगळं. साखर घरी मिक्सरमध्ये दळलेली होती आणि एखादा जाड कण नोझलच्या फटीत अडकत होता. ती मलमलच्या कपड्यातून चाळली, त्यात चमचाभर कॉर्नफ्लोअर घातलं. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये ते बहुधा असतंच.

मग नवीन क्रीम केलं. १२५ ग्रॅम बटर, १२५ ग्रॅम वनस्पती तूप, ५०० ग्रॅम साखर. वनस्पती तूप बटरपेक्षा जास्त उष्णता सोसतं, पण टाळूला चिकटतं, म्हणून माझ्या मते ते फक्त फुलांत घालावं. केकच्या थरांमध्ये निव्वळ बटरच हवं. फेटून झाल्यावर क्रीम उलथण्यानं भांड्याच्या कडेला दाबत हळू घोटलं, म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात आणि पाकळीत भोकं पडत नाहीत. दोन पिशव्या अर्ध्याहून कमी भरल्या. एक हातात, एक फ्रीजमध्ये, आलटून पालटून, कारण तळहाताची ऊबही क्रीम सैल करायला पुरते.

पाकळ्यांसाठीचं १०४ नंबरचं नोझल घेतलं. नेलवर, म्हणजे फूल काढायच्या चपट्या डोक्याच्या खिळ्यावर, फॉइलची लहानशी वाटी बसवून तिच्यात फूल काढलं, तेव्हा त्याला कपाशीचा खोलगटपणा आला. फुलं फॉइलसकट फ्रीझरमध्ये. बोंडं सोपी: मोठ्या गोल नोझलनं चार-पाच पांढरे गोळे जवळ जवळ, खाली चॉकलेटी कवच.

दुपारी आणखी एक अडचण आली. फ्रीझरमधून काढलेल्या फुलांना घाम सुटला आणि गुलाबी रंग पांढऱ्यावर उतरू लागला. शेजारच्या खोलीतला कूलर सुरू होता. आमची मेमधली हवा कोरडी, तिच्यात थंड फुलाला फारसं पाणी सुटत नाही. कूलर मात्र ओली हवाच सोडतो. तो बंद करायला सांगितला तेव्हा काकू म्हणाल्या, "बाप्पा, इतक्या गरमीत?" पण त्यांनीच उठून बटण बंद केलं. घामाच्या धारा पुसत आम्ही एकेक फूल डब्यातून काढून झटपट बसवलं. पाण्याचा थेंब आता केकवर नव्हता, आमच्या कपाळावर होता. केक थर्माकोलच्या खोक्यात, खाली बर्फाच्या पिशव्या ठेवून, ऑटोनं पोचवला.

आजोबांनी चष्मा लावून केक नीट न्याहाळला. "हे आजचं फूल, हे कालचं," ते बोटानं दाखवत म्हणाले, आणि मग आजीला, "पाह्य, कुठं पातं गळलं नाही." पातं म्हणजे कपाशीची कळी. आजी हसल्या आणि कालचं, गुलाबी फूल आधी आपल्या ताटलीत मागून घेतलं. माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी इतकी खुश झाली की तिथेच तिनं मला विचारलं, "ताई, जुलैत बारशाचा केक हाये. तवा वनस्पती किती घालू?"

मी म्हटलं, पाऊस लागल्यावर चौथाई पुरेल, पण तेव्हा हवा ओली असेल. फुलं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव आणि केक द्यायच्या अगदी आधी बसव.