तुम्ही विचारलंत म्हणून: फळी, न्यूटन आणि कमरेतून वाकणं

सुट्टीला सांगलीला गेलो की हा प्रश्न ठरलेला. कधी मामा विचारतात, कधी शाळेतला मित्र, कधी लग्नात शेजारच्या पानावर बसलेले अनोळखी काका. "तू भौतिकशास्त्रातला माणूस. कोरियात राहतोस, तायक्वांदो शिकतोस, छान. पण ते फळ्या फोडणं खरं असतं का रे? आणि दर दोन मिनिटांनी एकमेकांपुढे वाकता ते कशाला? विज्ञान शिकलेल्या माणसाला असलं कर्मकांड चालतं?" विचारणाऱ्याला हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. माझ्या लेखी उत्तर एकच आहे, पण ते फळीपासून सुरू करावं लागतं.

तर, फळी खरी असते. कोरियन दोजांगांत (दोजांग म्हणजे आपली तालीम म्हणा) बहुतेक पाइनच्या फळ्या वापरतात. पाइन हलकं लाकूड आहे आणि त्याच्या रेषांच्या दिशेनं ते सहज दुभंगतं. रेषा आडव्या तोडायला गेलात तर मात्र पायच दुखावेल. म्हणून फळी धरताना ज्या दोन कडांना आधार द्यायचा, त्या कडांना लाकडाच्या रेषा समांतर ठेवायच्या. याला लबाडी म्हणणारे भेटतात. सरपण फोडणारा माणूससुद्धा रेषा बघूनच कुऱ्हाड घालतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाही.

जाडीचा हिशेब त्याहून मजेदार आहे. वाकवून तोडायच्या फळीला लागणारा जोर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक सेंटिमीटरच्या दोन फळ्या नुसत्या एकमेकींना लावून धरल्या तर एकीच्या दुप्पट जोर लागतो. त्याच दोन फळ्या घट्ट चिकटवून दोन सेंटिमीटरची एक केली, तर चौपट. आणि दोन फळ्यांच्या मध्ये काठाला पट्ट्या ठेवून फट सोडली, तर पहिली फुटते, मग दुसरी, प्रत्येकीचा नंबर वेगळा लागतो. त्यामुळे एखाद्या प्रात्यक्षिकात दहा फळ्यांची चळत दिसली आणि प्रत्येक दोन फळ्यांत फट असली, तर टाळ्या जरूर वाजवा, पण थोड्या हात राखून.

आता लाथेकडे येऊ. समजा लाथेमागचं परिणामकारक वस्तुमान 3 किलो आहे आणि पाय सेकंदाला 8 मीटर वेगानं येतोय. ऊर्जा झाली 96 जूल. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत, पण फार अवाच्या सवा नाहीत. ही सगळी ऊर्जा एका सेंटिमीटरच्या अंतरात जिरली, तर सरासरी जोर होतो 9600 न्यूटन, म्हणजे जवळजवळ एक टन वजन ठेवल्यासारखा. तीच ऊर्जा दहा सेंटिमीटरमध्ये जिरली तर 960 न्यूटन, म्हणजे एका धिप्पाड माणसाचं वजन. लाथ तीच, पाय तोच, नऊ सेंटिमीटरचा फरक.

हे नऊ सेंटिमीटर कुठून येतात? फळी धरणाऱ्याच्या कोपरांतून. लाथ येताना पाहून तो जरा कचरला, कोपरं किंचित दुमडली, खांदे मागे गेले, की फळी पायाबरोबर मागे सरकते आणि जोर दहाव्या हिश्श्यावर येतो. फळी शाबूत राहते आणि मारणारा लंगडत बाजूला होतो. कारण फुटलेली फळी जेवढा जोर सोसू शकली त्याहून जास्त जोर ती पायाला परत देऊच शकत नाही. ती तुटली की विषय संपला, पाय पुढे निघून जातो. न फुटलेली फळी मात्र पायाचा सगळा संवेग व्याजासकट परत करते, वर पाय उलटाही फेकते. म्हणून आमच्याकडे म्हणतात की फळीवर मारू नकोस, फळीच्या मागे मार. पृष्ठभागाकडे बघून मारणाऱ्याचा पाय तिथे पोचायच्या आधीच आपसूक मंदावतो.

मी देजनमध्ये राहतो. संशोधन संस्थांचं शहर, तिथल्याच एका संस्थेत माझी नोकरी. भारतात ज्यांनी कोरियन दोजांग पाहिलेलं नाही त्यांना वाटतं की तिथे पिळदार शरीराचे गंभीर पुरुष असणार. प्रत्यक्षात दुपारी शाळा सुटली की दोजांगाची पिवळी व्हॅन वस्तीतून फिरते आणि पहिली-दुसरीतली पोरं उतरवून घेते. आईवडील कामावरून येईपर्यंतची ती पाळणाघरासारखी सोय असते. मोठी माणसं थोडी, त्यांचा वर्ग रात्री. पंधरा वर्षांखालच्या मुलांना काळा पट्टा मिळत नाही, त्यांचा पट्टा अर्धा लाल अर्धा काळा असतो आणि त्या पातळीला मोठ्यांच्या काळ्या पट्ट्यासारखं 'दान' न म्हणता 'पूम' म्हणतात. रात्रीच्या वर्गाला मात्र बारावी-बिरावीची दोनचार मुलं येतात, लहानपणापासून शिकलेली, माझ्याहून कितीतरी वरच्या पट्ट्याची.

फळी धरायला अशी दोघं उभी राहतात. एक पाय पुढे, मागचा पाय सरळ आणि रोवलेला, तळहाताच्या टाचा फळीच्या कडांवर, बोटं मागे वळवलेली म्हणजे ती पायाच्या वाटेत येत नाहीत, हात कोपरात ताठ, हनुवटी छातीशी आणि तोंड बाजूला वळवलेलं. साबमनिम, म्हणजे शिकवणारे, दोन बोटांनी त्यांच्या कोपरांना हलकेच दाबून बघतात. कोपर जरासंही लवलं तर परत सगळं पहिल्यापासून. मग मी त्या मुलांपुढे वाकतो, ती माझ्यापुढे वाकतात, आणि मग मी लाथ मारतो.

कोरियात हे दृश्य किती चमत्कारिक आहे ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. वयात एका वर्षाचा फरक असला तरी बोलण्यातली क्रियापदं बदलतात. तीच मुलं रस्त्यात भेटली तर मला दोन्ही हातांनी वस्तू देतात, आदरार्थी बोलतात, आधी मान झुकवतात. दोजांगात पट्ट्यानं मी कनिष्ठ आणि वयानं ती. कोणी किती वाकायचं याचा घोळ व्हायला हवा, पण होत नाही: टाचा जुळलेल्या, हात मांड्यांशी, नजर खाली, आणि दोन्ही बाजूंनी सारखंच खोल. आता त्या हिशेबाकडे परत बघा. माझ्या 96 जूलचं काय होणार, हे त्या मुलाच्या कोपरांवर आहे. त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावरून माझा पाय जाणार, हे माझ्या नेमावर आहे. तो मला भिऊन कचरला तर माझा पाय जातो. मी बेफिकीर असलो तर त्याचं नाक. वाकणं म्हणजे हा व्यवहार दोघांनी मान्य केल्याची खूण, आणि ती नसेल तर लाथेतला जोरच निम्मा होतो. भाबडेपणा म्हणा हवं तर, मला तरी ते पूर्णपणे अभियांत्रिकी वाटतं.

सांगलीत हे फार फोड करून सांगावं लागत नाही. तालमीत लंगोट कसण्याआधी माती कपाळाला लागते आणि जोडीदाराशी हात मिळवल्याशिवाय कुस्ती सुटत नाही, हे मामांनी स्वतः केलेलं आहे. तरीही ते मला विचारतात. चालायचंच.

मात्र तायक्वांदोतलं सगळं भौतिकशास्त्र मला पटतं असं समजू नका. 1955 मध्ये हे नाव रूढ करण्यात पुढाकार घेणारे आणि 1966 मध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ काढणारे जनरल चोई हाँग ही यांनी शक्तीचा सिद्धांत म्हणून सहा गोष्टी मांडल्या: प्रतिक्रिया बल, एकाग्रता, समतोल, श्वासाचं नियंत्रण, वस्तुमान आणि वेग. लढण्याच्या कलेबद्दल बोलताना सैनिकी माणूस न्यूटनची भाषा वापरतो, याचं मला कौतुक आहे. पण प्रतिक्रिया बलाखाली ते सांगतात की उजवा ठोसा मारताना डावी मूठ कमरेकडे खेचली तर ठोशाला जोर मिळतो. इथे माझ्यातला मास्तर हात वर करतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली क्रिया आणि प्रतिक्रिया दोन वेगवेगळ्या वस्तूंवर होतात. माझ्या डाव्या मुठीची प्रतिक्रिया उजव्या मुठीत जाऊन बसत नाही. डावी मूठ खेचल्यानं धड आणि कंबर फिरायला मदत होते, त्यातून जो काही फायदा व्हायचा तो होतो. समोरचा अंगावर धावून येत असेल तर त्याचा वेगही आपल्या ठोशाला मिळतो, हे चोईंचं दुसरं म्हणणं मात्र बिनतोड आहे. सापेक्ष वेग, अकरावीचा धडा.

गिरकी घेऊन मारायच्या लाथा तर वर्गात शिकवाव्यात इतक्या स्वच्छ आहेत. गुडघा पोटाशी घेतला की जडत्वाघूर्ण, म्हणजे फिरण्याला होणारा विरोध, कमी होतं, शरीर भर्रकन फिरतं, आणि शेवटच्या क्षणी पाय लांब केला की टाचेला वेग मिळतो. अट एकच, टेकलेला पाय जमिनीवर फिरला पाहिजे. तो रुतून राहिला तर सगळा पीळ गुडघ्याच्या अस्थिबंधांत जातो. चाळिशीत शिकायला जाणाऱ्यांनी बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल, एवढं ऐका.

माझा एक सहकारी हापकिदो करतो. तोही कोरियन प्रकार, चोई योंग-सुल यांनी जपानहून परतल्यावर देगू शहरात शिकवायला सुरुवात केलेला, त्यात सांधे अडकवण्याला जास्त महत्त्व. त्यानं एकदा माझं मनगट धरून दाखवलं. धरणं अगदी सैल, जोर जवळपास शून्य, पण तळहात एका बाजूला वळवून त्यानं माझ्याच हाताची तरफ केली होती. मनगटाचा सांधा बारीक, आणि त्याला पिळणारा हात त्याच्यापासून वीतभर लांब. बोटभर हालचालीत मी गुडघ्यावर आलो. अशा पकडीत शरण येण्याची खूण म्हणजे मांडीवर किंवा गादीवर दोनदा थाप. थाप ऐकू आली की त्याच क्षणी सोडायचं, वाद नाही. तरफ अशी असते की वेदना आणि मोडणं यांत अंतर फार थोडं उरतं, आणि ते अंतर सांभाळायचं काम पूर्णपणे पकडणाऱ्याकडे. थाप ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्याबरोबर कोणी दुसऱ्यांदा जोडी लावत नाही. आणि जोडीदारच नसेल तर ही विद्या भिंतीशी करता येत नाही.

स्पर्धेत हे सगळं नियमांत लिहिलेलं असतं. खेळाडू शिरस्त्राण डाव्या काखेत धरून मैदानात येतात, पंच 'चार्यत, क्यंगन्ये' म्हणतात, सावधान आणि वंदन. कमरेतून 30 अंशांहून जास्त आणि मान 45 अंशांहून जास्त झुकली पाहिजे, असं नियमावली सांगते. अंशांत मोजलेला आदर बघून मला पहिल्यांदा हसू आलं होतं. पण अंशांनी सगळं भागत नाही, हे 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकनं दाखवलं. क्यूबाचा अँहेल मातोस, 2000 साली सिडनीत सुवर्ण जिंकलेला, दुखापतीची वेळ ओलांडल्यामुळे बाद ठरवला गेला आणि त्यानं पंचाच्या तोंडावर लाथ मारली. त्याच्यावर आणि त्याच्या प्रशिक्षकावर आजन्म बंदी आली. त्याच स्पर्धेत ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनची डोक्यावर बसलेली लाथ परीक्षकांनी मोजलीच नाही, आणि चित्रफीत पाहून निकाल फिरवावा लागला.

पुढच्या ऑलिंपिकला, 2012 ला लंडनमध्ये, छातीच्या होगूमध्ये, म्हणजे संरक्षक कवचात, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. आता आघात किती हे यंत्र मोजतं, वजनगटाप्रमाणे किमान मर्यादा ठरलेली असते. भौतिकशास्त्र थेट गुणफलकावर आलं म्हणून मी खूष व्हायला हवं. होतोही, परीक्षकांची मेहेरबानी बरीच कमी झाली. पण खेळाडू हुशार असतात. यंत्राला जेवढं पुरतं तेवढंच देऊन पुढचा पाय वर तरंगत ठेवून टपल्या मारत राहणं सुरू झालं, आणि जुन्या लोकांना ते बघवत नाही. मलाही फारसं बघवत नाही. यंत्र आघात मोजतं, लाथ मोजत नाही. गिरकीच्या लाथांना जादा गुण ठेवून हे थोडं सावरलंय, ते चांगलंच केलं.

याच्या पाठोपाठ पालकांचा प्रश्न येतो: मुलीला इथे क्लासला घालायचंय, चांगला कसा ओळखायचा? भिंतीवरची पदकं आणि प्रमाणपत्रं बघू नका. अर्धा तास कोपऱ्यात बसा आणि लाथ मारणाऱ्याकडे नाही, पॅड धरणाऱ्याकडे बघा. त्याला कसं उभं राहायचं हे कोणी शिकवलंय का? मोठ्या मुलाच्या लाथेसमोर सहा वर्षांचं पोर तर उभं केलेलं नाही ना? एखाद्याला लागलं तर मारणारा थांबतो का, की हसतो? आणि शिकवणारे स्वतः कधी पॅड धरतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर पुढची गल्ली बघा. हल्ली क्लास गल्लोगल्ली आहेत.