सूर्यनमस्कार, आठवडा १ ते १४: नोंदवहीतला ‘जादा श्वास’चा रकाना

रोज किती सूर्यनमस्कार घातले आणि त्यांत किती वेळा ठरल्यापेक्षा जादा श्वास लागला, याची ही नोंद. नोंदीतला आकडा नक्की कशाचा, ते आधी ठरवलेलं बरं. काही जण डावा-उजवा मिळून एक नमस्कार धरतात, काही जण प्रत्येक पायाचा वेगळा. म्हणजे एकाचे १२ हे दुसऱ्याचे २४ होतात आणि वह्यांची तुलना फुकट जाते. इथे एक पाय मागे म्हणजे एक नमस्कार. पुढच्या नमस्काराला दुसरा पाय.

पद्धत दहा अंकांची, औंधच्या वळणाची. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार रुजवले. त्यांच्या नमस्कारांवरच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच ‘टेन-पॉइंट’ आहे; ते १९३८ मध्ये लंडनहून निघालं. नावांवरून वाद होतात म्हणून क्रम साध्या शब्दांत: १ ताठ उभं, २ उत्तानासन, ३ एक पाय मागे, ४ दोन्ही पाय मागे (फळी), ५ साष्टांग, ६ भुजंग, ७ पर्वत, ८ मागे नेलेला पाय पुढे, ९ उत्तानासन, १० उभं.

श्वास असा: २ ला सोडायचा, ३ ला घ्यायचा, ४ ला रोखायचा, ५ ला सोडायचा, ६ ला घ्यायचा, ७ ला सोडायचा, ८ ला घ्यायचा, ९ ला सोडायचा, १० ला घ्यायचा. एका नमस्कारात चार वेळा श्वास आत येतो. पाचवा आला तर तो जादा. एका नमस्काराला ३० सेकंद धरले तर मिनिटाला आठ श्वास होतात. २० सेकंदांत उरकला तर मिनिटाला बारा, आणि घाई तिथूनच सुरू होते. दोन नमस्कारांच्या मध्ये उभं राहून घेतलेला एक पूर्ण श्वास जादा धरत नाही.

मोजणीला १२ चिंचोके पुरतात. चटईच्या पुढच्या कडेला ओळीत मांडायचे. नवव्या अंकात हात खाली असतातच, तेव्हा एक सरकवायचा: नमस्कार साफ झाला तर उजवीकडे, जादा श्वास लागला तर डावीकडे. मोबाइलवर मोजण्यात अडचण ही, की नजर पडद्याकडे जाते आणि मान वळते.

आठवडा १ आणि २. रोज ४ नमस्कार. जेवणानंतर निदान तीन-चार तास गेलेले असावेत. त्यामुळे सकाळच सोयीची. फरशीवर नुसती सतरंजी सरकते. सातव्या अंकात पाय मागे घसरायला लागले की माणूस नकळत खांदे आखडतो, आणि दुखणं मात्र मानेत निघतं. रबरी चटई नसेल तर सरळ फरशीवर अनवाणी करावं, गुडघ्यांखाली तेवढी घडी ठेवावी.

या दोन आठवड्यांत चौथ्या अंकाला श्वास रोखायचा नाही. तिथे एक छोटा श्वास सोडून परत घ्यायचा आणि मग साष्टांगात उतरताना सोडायचा. हा श्वास मुद्दाम घेतलेला, म्हणून रकान्यात जात नाही.

आठवडा ३ आणि ४. रोज ६ आणि मग ८ नमस्कार. मनगटं याच सुमाराला बोलायला लागतात. बहुतेक वेळा भार तळहाताच्या मागच्या, करंगळीकडच्या कडेवर पडलेला असतो. तर्जनीचं मूळ जमिनीत दाबलं की भार पुढे सरकतो. तेवढ्यानं भागलं नाही तर टॉवेलची दोन सेंटिमीटर जाड घडी तळहाताच्या मागच्या भागाखाली घालायची, बोटं खाली जमिनीवर. मनगटाचा कोन कमी होतो. हातांची जागा खडूनं आखून घ्यावी, कारण नवव्यात चिंचोका सरकवणं सोडलं तर अंक २ ते ९ हात जागचे हलायचे नाहीत. पायांच्या जागेचं गणित त्या दोन खुणांवरूनच बसतं.

आठवडा ५ ते ८. १२ वर थांबलेलं. चार आठवडे आकडा तोच, आणि या नोंदीतला खरा मजकूर इथेच आहे. डावीकडे जाणारे चिंचोके जवळजवळ सगळे दोन जागी जमतात: पाचव्या आणि आठव्या अंकाला.

पाचवा आधी. साष्टांगात जमिनीला लागायची आठ अंगं म्हणजे दोन पावलं, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि कपाळ. पोट आणि ओटीपोट वर. बहुतेकांचं पोट आधी आपटतं, कारण कोपरं बाहेर फाकतात आणि दंड भार घेत नाहीत. आपटलं की श्वास भसकन बाहेर जातो, आणि सहाव्याला पोहोचण्याआधीच नवा घ्यावा लागतो. उतारा असा: आधी गुडघे टेकवायचे, कोपरं बरगड्यांना चिकटवायची, मग छाती दोन हातांच्या मधे उतरवायची, तीन मोजत. सुरुवातीला उतरणं तेवढंच वेगळं काढून रोज पाच वेळा करावं.

आठवा जास्त हट्टी. मागचा पाय दोन हातांच्या मधे यायला हवा. तो वीतभर मागेच पडतो, मग हातानं घोटा धरून पुढे ओढायचा, आणि तेवढ्यात एक श्वास जातो. दोष मांडीच्या मागच्या शिरांवर टाकायची सवय आहे, पण पुष्कळदा अडचण सातव्यात असते. तिथे श्वास अर्धाच सोडलेला असतो, पोट भरलेलं राहतं आणि मांडीला आत यायला जागा उरत नाही. सातव्यात पूर्ण श्वास सोडायचा, बैठक वर उचलायची, खांदे मनगटांच्या वर आणायचे आणि मग गुडघा छातीकडे ओढत पाऊल टाकायचं. तरी अडलं तर दोन्ही हातांखाली लाकडी विटा आडव्या ठेवायच्या; तेवढ्या उंचीनं पावलाला वाट मिळते. दर आठवड्याला विटांच्या जागी थोडी कमी जाडीची वही घ्यायची, शेवटी काहीच नाही.

सातव्यात टाचा टेकत नाहीत म्हणून पाय पुढे घेऊन अंतर कमी करणं ही आणखी एक पळवाट. टाचा टेकतात, पण पाठ गोल होते. टाचा अधांतरी राहू द्याव्यात, हवं तर गुडघे किंचित वाकवावेत, पाठ लांब ठेवावी. सहाव्यात मान मागे टाकून छत बघायची हौसही आवरावी. वाक कंबरेतून नाही, छातीतून यायला हवा. कंबरेत कळ आली तर कोपरं वाकलेली ठेवायची.

पुढे जायचा नियम: सलग पाच दिवस १२ पैकी दोनच किंवा त्याहून कमी चिंचोके डावीकडे. एक दिवस साफ गेला म्हणून संख्या वाढवायची नाही. हठयोगावरच्या ‘हठप्रदीपिका’ या जुन्या ग्रंथावरच्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत ब्रह्मानंदांनी टाळायच्या कायक्लेशांत, म्हणजे शरीराला शिणवणाऱ्या कष्टांत, जड ओझी वाहण्याच्या जोडीला अति सूर्यनमस्कारही घातलेत. रथसप्तमीला एकदम १०८ घालून नंतर आठवडाभर मनगट शेकत बसणाऱ्यांनी ती ओळ भिंतीवर लावायला हरकत नाही.

आकडे लिहिणं योगाला शोभत नाही, असं म्हणणारेही भेटतात. लोणावळ्यात १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं, ते योगक्रिया प्रयोगशाळेत मोजण्यासाठीच.

आठवडा ९ ते १२. १६, मग १८. चौथ्या अंकाला श्वास रोखणं वर दिल्याप्रमाणेच. शेवटी शवासन ७ मिनिटं, आणि नाडीच्या दोन नोंदी: शेवटचा नमस्कार होताच १५ सेकंद मोजून गुणिले चार, आणि शवासनाच्या पाचव्या मिनिटाला पुन्हा. दोन आकड्यांमधलं अंतर लिहून ठेवायचं. झोप अपुरी असली की दुसरा आकडा लवकर खाली येत नाही. अशा दिवशी संख्या निम्मी. शवासनात हात अंगापासून थोडे दूर ठेवून तळवे वर करावेत.

त्यानंतर अनुलोम-विलोम, ५ मिनिटं. घेणं ४ मोजत, सोडणं ८ मोजत, मधे रोखणं नाही. ८ पर्यंत सोडताना शेवटी हिसका बसत असेल तर ३ आणि ६ करावं. मन शांत झालं की नाही हे कुणी लिहू शकत नाही. हिसका किती वेळा बसला ते मात्र लिहिता येतं, आणि ज्या दिवशी तो बसत नाही त्या दिवशी डोळे उघडायची घाईही नसते.

रक्तदाब ताब्यात नसेल, हर्निया, मणक्याची चकती सरकलेली किंवा काचबिंदू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नये. काचबिंदूत डोकं खाली जाणारे अंक २, ७ आणि ९ विशेष नको.

आठवडा १३ आणि १४. २४, म्हणजे चिंचोक्यांच्या दोन फेऱ्या, ३० सेकंदांच्या वेगानं १२ मिनिटं. पहिली फेरी बहुतेक साफ, दुसऱ्या फेरीत डावीकडे पाच ते सहा, सगळे आठव्या अंकाला, आणि उजव्या पायाला जास्त. पुढचे दोन आठवडे संख्या २० वर. उजव्या पायासाठी विटा परत बाहेर.