तीन डब्ल्यू आणि हापूसचा दर

पाडवा जवळ आला की तुर्भ्याच्या फळबाजारात लॅपटॉप घेऊन शिरणं म्हणजे जीव मुठीत धरून चालणं. डोक्यावर पेट्या घेतलेला माथाडी "बाजू, बाजू" करत येतो, आणि त्याला तुमच्या वेबसाइटचं काही पडलेलं नसतं. वेबसाइटची कामं मी नेरुळहून, घरूनच करते. गिऱ्हाइकांचं बहुतेक सगळं फोनवर निभतं. पण त्या सकाळी शेठ फोनवर एवढंच म्हणाले, "मॅडम, दराच्या जागी करडा चौकोन आलाय. तुम्ही इकडेच या."

शेठचा हापूसचा व्यापार. त्यांच्या पुतण्यानं दरपत्रकाचं एक छोटं पान स्वतः बनवलंय. ते शेठच्याच वेबसाइटच्या एका फोल्डरात, पण वेबसाइट ज्यावर चालते त्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या बाहेर, वेगळं चालतं. सकाळी भाव फुटला की पुतण्या त्यात चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेटीचे दर भरतो. लोक वाचतात मात्र वर्डप्रेसमधला हंगामाचा लेख. त्यात दर हातानं लिहायचे, म्हणून सोमवारचा दर गुरुवारपर्यंत तसाच राहायचा आणि फोनवर वाद व्हायचे. शेठची मागणी साधी होती : ते पान या पानात दिसलं पाहिजे.

याला आयफ्रेम लागते, म्हणजे एका पानाला पाडलेली दुसऱ्या पानाची खिडकी. इंटरनेट एक्सप्लोरर 3 मध्ये ती 1996 साली आली. हे मी सहज बोलून गेले, तर शेठ म्हणाले, "त्याच साली आम्ही क्रॉफर्ड मार्केट सोडून इकडं आलो." मग पाच मिनिटं तीच गोष्ट चालली.

खरं तर पुतण्यानं आधी आयफ्रेमचा कोड थेट लेखात चिकटवला होता. सेव्ह केलं की कोड गायब, कसलीही तक्रार न करता. कारण मला माहीत होतं. गेल्या दिवाळीत त्यानं वेबसाइटचा अख्खा मेनू उडवला, तेव्हापासून मी त्याला फक्त 'लेखक' एवढाच अधिकार ठेवलाय. या अधिकाराच्या माणसानं टाकलेल्या आयफ्रेम आणि स्क्रिप्ट वर्डप्रेस सेव्ह करताना गाळून टाकतं. म्हणून आदल्या रात्री मी एक प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला लावायचं जोडसॉफ्टवेअर, बसवून दिलं होतं. त्यात चौकोनी कंसात आयफ्रेम हा शब्द, पत्ता, रुंदी, उंची एवढंच लिहायचं. वर्डप्रेसच्या लेखी ती नुसती अक्षरं, म्हणून गाळणीतून निसटतात; लेख दाखवताना प्लगइन त्यांची आयफ्रेम करतं. ही चोरवाटच आहे. त्यामुळे असलं प्लगइन वर्षानुवर्षं अपडेट न झालेलं असेल तर मी हात लावत नाही.

तर चोरवाटेनं आत शिरलो, आणि समोर करडा चौकोन. मध्ये रडक्या चेहऱ्याचा कागद आणि खाली ओळ : अमुक पत्त्यानं जोडणी नाकारली. पुतण्यानं फोनवर तेच दरपत्रक वेगळं उघडून दाखवलं. झकास उघडलं. "इथं चालतंय, मग त्यात का नाही?" शेठनी माझ्याकडे असं बघितलं की जणू वरचा थर चांगला लावून खाली डागी माल भरलाय.

आधी वाटलं, एचटीटीपीचा घोळ असेल. सुरक्षित पानात असुरक्षित पान ब्राउझर भरू देत नाही. पण पत्त्यात एचटीटीपीच्या पुढे सुरक्षितपणाचा एस होता. मग कन्सोल उघडला, म्हणजे ब्राउझर आपल्या तक्रारी लिहितो ती जागा. लाल अक्षरांत लिहिलं होतं, एक्स-फ्रेम-ऑप्शन्स, सेमओरिजिन. म्हणजे जोडणी कुणीच नाकारली नव्हती. सर्व्हरनं पान पाठवलं होतं, सोबत चिठ्ठी होती की हे पान फक्त आपल्याच घरच्या पानात दाखवा, आणि ती वाचून ब्राउझरनं पान दडवलं होतं. ही चिठ्ठी गेल्या वर्षी मीच लावलेली. दुसऱ्याचं पान अदृश्य चौकटीत वर ठेवायचं आणि बघणाऱ्याला नकळत त्याचं बटण दाबायला लावायचं, या फसवणुकीला 2008 मध्ये क्लिकजॅकिंग हे नाव पडलं. तिच्यावरचा हा उपाय इंटरनेट एक्सप्लोरर 8 नं 2009 मध्ये आणला. लावला ते बरोबरच होतं. पण ही तर घरचीच खिडकी!

दहा मिनिटं मी तीच ओळ वाचत बसले. बाजूला कुणीतरी पेटी फोडून पेंढ्यातून आंबे काढत होतं, वासानं लक्ष उडत होतं. आणि मग दिसलं. लेखाच्या पत्त्याला सुरुवातीला तीन डब्ल्यू होते, पुतण्यानं प्लगइनला दिलेल्या पत्त्याला नव्हते. वर्डप्रेस बिनडब्ल्यूवाल्याला गुपचूप डब्ल्यूवाल्या पत्त्यावर नेतं, त्यामुळे फरक कधी जाणवला नाही. दरपत्रकाच्या फोल्डरला ती सोय नव्हती. ते दोन्ही पत्त्यांवर उघडायचं. आपल्याला ते एकच घर. ब्राउझर मात्र पत्त्याची सुरुवात अक्षर न् अक्षर ताडून बघतो, आणि त्याला हे दोघं परके.

तीन अक्षरं घातली, रिफ्रेश केलं. दर दिसले, पण दीड बोटाच्या फटीत. उंची लिहायची राहिली होती, आणि न लिहिली तर आयफ्रेम 150 पिक्सेलची होते. चार डझनीचा दर दिसायचा, बाकीच्यासाठी खिडकीत वेगळं सरकवायचं. फोनवर तर अंगठा कधी लेख सरकवतो, कधी दर. पण आता दोन्ही पानं एका घरची झाल्यामुळे बाहेरच्या पानाला आतल्याची उंची मोजता येत होती. परक्या पानाची ती ब्राउझर मोजू देत नाही. चार ओळींची स्क्रिप्ट टाकली आणि पूर्ण तक्ता उघडा झाला.

शेठनी चष्मा वर करून फोन लांब धरला, वरपासून खालपर्यंत वाचलं.

"हे सकाळचे दर आहेत," ते म्हणाले. "पाच डझनी दोनशेनं उतरली की."

पुतण्यानं उभ्या उभ्या दरपत्रकात आकडा बदलला. शेठनी लेख परत उघडला, बघितला, आणि आतल्या पोराला हाक मारली, "मॅडमना चहा सांग रे."