कुलपात खोबरेल घालू नका प्लीज

आमचं गावचं घर रत्नागिरीकडे, समुद्र चालत दहा मिनिटांवर, आणि वर्षातले बरेच महिने बंदच असतं. गणपतीला रात्री उशिरा पोचायचं, आई पिशव्या घेऊन पायरीवर बसलेली, आणि दाराचं लॅच काही केल्या फिरत नाही. मग शेजारच्या काकू वाटीत खोबरेल घेऊन येणार, चावी त्यात बुडवायची, आत घालून खटखट करत बसायचं, कधीतरी उघडायचं. वर्षानुवर्षं हेच. काकूंची माया मोठी, पण त्या तेलानेच आमचं लॅच जाम होत होतं हे मला खूप उशिरा कळलं.

लॅचच्या आत छोट्या छोट्या पितळी पिना असतात, प्रत्येकीवर अगदी बारीक स्प्रिंग, चावीच्या दात्यांनी सगळ्या पिना बरोबर उंचीला आल्या की सिलेंडर, म्हणजे चावी घालतो तो गोल भाग, फिरतो. एक पिन जरी अडकली तरी नाही फिरत. आता खोबरेल साधारण २४ डिग्रीच्या खाली गोठतं, थंडीत बाटलीत गोठतं तसंच कुलपातही गोठणार ना, आणि उन्हाळ्यात पातळ असलं तरी धूळ धरून ठेवतं, वर खाऱ्या हवेचा गंज, सगळ्याचा मिळून काळा चिकट लगदा होतो. गोडंतेल तर त्याहून वाईट, ते सुकून डिंकासारखं बसतं.

म्हणून सिलेंडरमध्ये कोरडंच काहीतरी घाला. ग्रेफाइट पावडर सगळ्यात स्वस्त, अगदी चिमूटभर पुरते, चावी हळूहळू आतबाहेर करायची. पावडर नसेल तर चित्रकलेची ६बी पेन्सिल चावीच्या दात्यांवर घासा, त्यात ग्रेफाइट जास्त आणि माती कमी असते, तात्पुरतं काम भागतं. पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, कोरडा स्प्रे मिळाला तर उत्तम, हात काळे होत नाहीत. डब्ल्यूडी-४० या स्प्रेबद्दल सगळे विचारतात, तर त्या नावातच 'वॉटर डिस्प्लेसमेंट' आहे, म्हणजे पाणी हटवणं, १९५३ साली बनलं तेच त्यासाठी. जुना लगदा, गंज धुवायला मी तेच वापरलं, पण त्यावर भरवसा ठेवून थांबू नका, नीट वाळू द्या आणि मग ग्रेफाइट. ओल्यावर घातलंत तर परत लगदाच.

आणि हे सगळं करायच्या आधी दार उघडं ठेवून चावी फिरवून बघा. उघड्या दारात मस्त फिरते आणि बंद केल्यावरच अडते, तर कुलपाचा काही दोष नाही, पावसात दार फुगलंय किंवा बिजागरी ढिली होऊन दार खाली आलंय, तिथे सुताराला बोलवा. डुप्लिकेट चावी असेल तर ओरिजिनल लावून बघा. पक्कड लावून जोर तर अजिबात करू नका, पितळी चावी आत तुटली की रात्री गावात चावीवाला कुठून आणणार?

यंदा मेमध्ये मी आधी डब्ल्यूडी-४० ने धुतलं, दोन दिवस वाळवलं, मग पावडर घातली. गणपतीला आईनेच चावी लावली, लगेच उघडलं. चावी अजून थोडी काळी लागते हाताला, तेवढी फडक्याने पुसायची.