अखेर नाव ठरलं: अपाला

आज लेकीचं नाव पक्कं केलं, ऋग्वेदातल्या अपाला या ऋषिकेवरून. आता घरी दोन तट पडलेत!

सासूबाईंचं म्हणणं, "अगं, नवऱ्याला नकोशी झालेली बाई ती. तिचं नाव पोरीला?" मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण अपाला म्हणजे तेवढंच नाही ना. ऋग्वेदाच्या 8व्या मंडलातलं 91वं सूक्त तिच्या नावावर आहे. वाटेत सोम (ज्याचा रस देवांना देत ती वनस्पती) सापडतो, तर ही बाई तो दातांनीच चावून रस काढते आणि थेट इंद्राला देते. वर त्याच्याकडे मागते काय, तर वडिलांच्या टकलावर केस उगवू देत, त्यांच्या शेतात पीक येऊ दे, आणि मग स्वतःसाठीही मागते. देवापुढे इतकं रोखठोक बोलणारी मुलगी मला तरी भयंकर आवडली. (नवरा टकलाचं ऐकून लगेच माझ्या बाजूने झाला.)

लोपामुद्रा आणि घोषा, या ऋग्वेदातल्याच आणखी दोघी, पण यादीत होत्या. लोपामुद्रा ऐकायला सुरेख, पण घाईत हाक मारून बघा! घोषाची 'घोष बाबू' व्हायला वेळ लागला नसता, मुलं काही सोडत नाहीत.

फोनवर एका मैत्रिणीला सांगितलं तर म्हणे, "काय? अपर्णा?" मग "अपाला... पाला, पाला!" असं ओरडून सांगितलं. म्हणजे 'पालापाचोळा' हे चिडवणं तयारच आहे म्हणायचं. असू दे. चिडवायचंच असेल तर नेहाला पण चिडवतात.

सासूबाई सध्या 'अप्पू' म्हणतायत.