रात्रीची जळजळ आणि डावी कूस

ऍसिडिटीचं नाव काढलं की जो तो आपल्या हातात काहीतरी प्यायला देतो. आज मैत्रिणीचा फोन झाला, तिनेही तेच, झोपताना थंड दूध घे म्हणाली. मी हो म्हटलं आणि विषय बदलला.

दूध पिताना बरं वाटतंच, नाही म्हणत नाही, घोट खाली उतरतो तसतशी आग विझल्यासारखी होते. पण थोड्या वेळाने परत सुरू, कारण दुधातलं प्रोटीन आणि कॅल्शियम पोटाला उलट आणखी ऍसिड करायला लावतं, आणि साय असलेलं दूध असेल तर पोट रिकामं व्हायलाच वेळ लागतो. पुदिन्याचंही तेच. पोटाला गार वाटतं खरं पण अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथली झडप पुदिन्याने सैल पडते, म्हणजे जे दार घट्ट बसायला हवं तेच आपण किलकिलं करून ठेवायचं. व्हिनेगरबद्दल तर मी बोलतच नाही, घसा आधीच जळतोय त्यावर अजून आंबट ओता म्हणे!

खायच्या सोड्याचं मात्र मान्य करायला पाहिजे, तो काम करतो. अर्धा चमचा सोडा ग्लासभर पाण्यात नीट विरघळवून हळूहळू प्यायला की पोटातल्या ऍसिडशी त्याची रिअ‍ॅक्शन होते, मीठ पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि मोठ्ठा ढेकर येऊन छाती मोकळी होते. पण त्या अर्ध्या चमच्यात साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम असतं, त्यामुळे बीपी, किडनी किंवा हार्टचा त्रास असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि तडस लागेपर्यंत जेवून वरून सोडा तर कुणीच घेऊ नये, गॅसने पोट जास्तच ताणलं जातं. मी अगदीच नाइलाज असेल तेव्हाच घेते, रोज नाही.

माझा खरा त्रास रात्रीचा. दिवसा आपण बसलेले-उभे असतो, सारखी लाळ गिळत असतो, त्यामुळे वर आलेलं ऍसिड धुवून खाली जातं. झोपेत लाळ फारच कमी सुटते, गिळणंही जवळजवळ थांबतं, आणि आडवं पडल्यावर खाली जायला उतारही नाही, मग ते तिथेच पडून राहतं. पोटाला आतून चिकट थराचं संरक्षण असतं, अन्ननलिकेला तसं काही नाही. म्हणून पहाटे तोंडात आंबट-कडू पाणी, घसा खरवडल्यासारखा, आणि मग खोकला.

यावर मला जे लागू पडलं त्यात प्यायचं काहीच नाही. रात्रीचं जेवण आणि झोप यात ३ तास ठेवायचे हे पहिलं, आणि सगळ्यात कंटाळवाणंही तेच. दुसरं म्हणजे पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलायची, पायांखाली लाकडी ठोकळे घालून. नुसत्या उशा रचून होत नाही, त्याने मान आणि कंबर वाकते, पोट दबतं आणि ऍसिड उलट वर ढकललं जातं. नवरा कुरकुरला, पहाटेपर्यंत आपण पायथ्याशी घसरतो म्हणून, आणि घसरतो हे खरंय :) पण आता सवय झालीये.

तिसरं डाव्या कुशीवर झोपणं. या कुशीवर पोटाचा फुगीर भाग खाली राहतो आणि अन्ननलिकेचं तोंड त्याच्या वर, उजवीकडे वळलं की नेमकं उलटं होतं. मला झोपेत उजवीकडे वळायची सवय, म्हणून पाठीमागे लोड लावून ठेवते, वळायला गेले की तो आडवा येतो. जेवणानंतर अर्धा तास बिनसाखरेचं च्युइंगमही चघळते, लाळ सुटते म्हणून, फक्त पुदिन्याचं नको.

खाण्याच्या बाबतीत हे बंद ते बंद अशा लांबलचक याद्यांवर माझा विश्वास नाही. मी वहीत लिहून ठेवते काय खाल्लं आणि रात्र कशी गेली. कॉफी मला सकाळी काही करत नाही, जेवणानंतरचं चॉकलेट मात्र हमखास नडतं, दुसऱ्या कुणाचं अगदी उलटं असेल.

आणि हे सगळं साध्या जळजळीसाठी हं. घास अडकतोय, वजन आपोआप उतरतंय, शौचाला काळी होतेय किंवा उलटीत रक्त दिसलं तर घरी काही करत बसायचं नाही, सरळ डॉक्टर. छातीतलं दुखणं हाताकडे जबड्याकडे सरकलं, घाम फुटला, दम लागला तर पित्त असेल म्हणून वाट बघायची नाही, ताबडतोब हॉस्पिटल.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय. मला दिलेली ऍसिड कमी करायची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, जेवल्यावर आठवण झाली तर तेवढा उपयोग होत नाही हे कळलंय, आता ती बंद करायची झाली तर एकदम करायची की हळूहळू कमी करत जायचं ते विचारायचंय, कारण बरेच दिवस घेऊन एकदम थांबवली की काहींना ऍसिड काही काळ आधीपेक्षा जास्त होतं. वहीही सोबत नेईन.