नेहमीच्या वाटेवरून नाही: बी३पर्यंत पोचण्याचा माझा अनुभव

बुद्धिबळात पांढऱ्याला पहिल्या चालीसाठी २० पर्याय असतात. १६ प्याद्यांचे, ४ घोड्यांचे. (चाल लिहिताना अक्षर पटावरच्या उभ्या रांगेचं आणि आकडा आडव्या रांगेचा; नुसतं घर लिहिलं की तिथे प्यादं गेलं. म्हणजे बी३ ही बी रांगेतलं प्यादं एक घर पुढे सरकवायची चाल.) त्यातले ई४, डी४, सी४ आणि घोडा एफ३ एवढे चारच आपण आलटूनपालटून खेळतो. उरलेल्या १६मधली एखादी चाल नीट पारखून आपली करायची, असं मी गेल्या पावसाळ्यात मनावर घेतलं.

कारण सरळ होतं. नाशिकमधल्या रॅपिड (कमी वेळाच्या) स्पर्धांना गेलं की समोर बहुतेक वेळा दहा-बारा वर्षांचं पोर बसलेलं असतं. विदित गुजराथी आपल्या नाशिकचा. त्याने २०२३ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली, २०२४ला टोरंटोत कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) खेळला आणि तिथे अमेरिकेच्या नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं. इथल्या पोरांना ते डाव तोंडपाठ आहेत, आणि त्यांची तयारी खरोखर कौतुक करावी अशी असते. मी ई४ खेळले की इटालियन ओपनिंगच्या पहिल्या दहा चाली ती हात न थांबवता खेळून टाकतात. मी बँकेतून घरी येऊन, स्वयंपाक आवरून जेवढं बघते तेवढीच माझी तयारी. पाठांतराच्या शर्यतीत मी उतरायचंच कशाला?

म्हणून दोन अटी घातल्या. काळ्याने चोख उत्तरं दिली तरी डाव बरोबरीच्या खाली जाता कामा नये. आणि पहिल्या पाच-सहा चालींतच त्याला पाठांतर सोडून स्वतःच्या डोक्याने विचार करायला लागला पाहिजे. या दोन्ही अटी एकदम पाळणाऱ्या चाली फार थोड्या आहेत, हे पुढच्या काही महिन्यांत कळत गेलं.

रात्री फोनवर इंजिन (चाली तपासणारा प्रोग्रॅम) लावून बघायचं आणि रविवारी सकाळी जेल रोडला काकांच्या गॅलरीत खरा पट मांडायचा, असा क्रम ठरला. काका प्रेसमधून निवृत्त झालेले, आणि पांढरी मोहरी मिळाली की गेली कित्येक वर्षं एफ४ सोडून दुसरं काही न खेळणारे.

काही चाली लगेच बाद झाल्या. एफ३ने राजाच्या अंगावर वारा येतो. त्यावर ई५ आलं आणि पुढे जी४ खेळलं तर वजीर एच४वर येऊन दुसऱ्याच चालीला मात. घोडा पटाच्या कडेला एच३ किंवा ए३वर नेण्यातही काही हशील नाही. ए३ मात्र वाटते तितकी टाकाऊ नाही. जर्मनीच्या अँडरसनने १८५८मध्ये पॅरिसला अमेरिकन मॉर्फीविरुद्ध ती तीन डावांत खेळली. एक जिंकला, एक बरोबरीत सुटला, एक हरला. कल्पना अशी की काळ्याने ई५ केलं की सी४ खेळायचं, म्हणजे रंग उलटे करून सिसिलियन (ई४ला काळ्याने सी५ने दिलेलं उत्तर) आणि वर ए३ ही जादा चाल आपल्या पदरात. माझी पहिली अट ती पाळते, पण समोरच्याला विचार करायला अजिबात लावत नाही. तो आरामात हवं तिथे जाऊन बसतो.

जी४चं उलटं. स्विस खेळाडू ग्रोबच्या नावाने ती ओळखली जाते आणि इंग्लंडचा बॅसमन ती मोठ्या स्पर्धांमध्ये खेळायचा. सापळा झकास आहे: डी५वर उंट जी२, काळ्या उंटाने जी४चं प्यादं खाल्लं की सी४, आणि आपल्या उंटाची नजर डी५वरून थेट बी७पर्यंत. काळ्याने सी४ मारलं तर बी७ पडतं आणि कोपऱ्यातला हत्ती संकटात. पण काळा शांतपणे सी६ खेळला तर आपल्या राजाच्या बाजूचं कुंपण मोडलेलं आणि हातात काही नाही. इंजिनही तिथे काळ्याची स्पष्ट सरशी दाखवतं. ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावांत, ठीक आहे; रॅपिडला मी ती लावणार नाही.

बी४ने मला बरेच दिवस भुरळ घातली. तार्ताकोवरने १९२४च्या न्यूयॉर्क स्पर्धेत ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयातल्या सुझन नावाच्या ओरांगउटान माकडिणीला भेटून आल्यावर ती खेळली, म्हणून तिला ओरांगउटान म्हणतात. पुढे सोव्हिएत खेळाडू सोकोल्स्कीने तिच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. काळ्याने ई५ केलं तर उंट बी२, मग त्याचा उंट बी४ खातो आणि आपला ई५. कडेचं प्यादं देऊन मधलं घ्यायचं, सौदा वाईट नाही. पण त्या मारामारीत काळ्याची मोहरी पटापट बाहेर पडतात आणि त्याचा किल्लेकोट आपल्या आधी होतो. डी५ आलं तर तेवढीही मजा नाही. बी४च्या प्याद्याची राखण करायचं काम डावभर आपल्या गळ्यात.

एफ४बद्दल काकांशी वाद घालणं सोपं नव्हतं.

“अगं, ई५चं घर धरून ठेवायचं आणि सगळी फौज राजाच्या बाजूला न्यायची. ज्यांच्या नावाने ही चाल ओळखतात ते बर्डसाहेब एकोणिसाव्या शतकात हेच करत होते,” काका म्हणाले.

“आणि काका, त्याने ई५चं प्यादं देऊन फ्रॉम्स गँबिट केला तर?”

काकांनी डाव मांडला. एफ४, ई५, प्यादं मारलं, डी६, तेही मारलं, उंटाने परत घेतलं. इथे पांढऱ्याने बेसावधपणे घोडा सी३ला नेला तर वजीर एच४वरून शह देतो, जी३ने अडवलं की वजीर स्वतःचा बळी देऊन जी३ खातो, आणि मागून उंट येऊन मात करतो. घोडा एफ३ खेळलं तर डाव सावरतो, किंवा ई५चं प्यादं न घेता दुसऱ्याच चालीला ई४ करून किंग्ज गँबिटमध्ये शिरता येतं. काकांना त्यातली प्रत्येक गल्ली माहीत आहे. मला पहिल्या राउंडपासून राजा सांभाळत बसायची तयारी नाही.

घोडा सी३ ही मला सगळ्यांत प्रामाणिक चाल वाटते. मोहरा बाहेर काढला, ई४ आणि डी५वर नजर ठेवली, बाकी पुढचं पुढे. पण तिची वाट सारखी दुसऱ्यांच्या अंगणातून जाते: ई५ आलं आणि आपण ई४ खेळलो की व्हिएन्ना, सी५वर बंद सिसिलियन, ई६वर फ्रेंच. म्हणजे पुन्हा सगळं पाठ करा. जी३ त्याहून सुरक्षित. १९६२ला कुरासाओच्या कँडिडेट्समध्ये पाल बेन्कोने याच चालीने फिशर आणि ताल दोघांनाही हरवलं. तब्येतीत खेळायचं असेल त्या दिवसासाठी मी ती राखून ठेवली आहे; तरी काळा सुरुवातीला बिनघोर असतो, ही तिची उणीव राहतेच.

मग बी३.

काकांनी आधी धोक्याची बाजू दाखवली. १९७०, बेलग्रेड, सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग. फिशरने जगाच्या संघातला पहिला पट डेन्मार्कच्या लार्सनला सोडला होता आणि लार्सनने तेव्हाचा जगज्जेता स्पास्कीसमोर बी३ केलं. आम्ही तो डाव चालीगणिक लावला. सी४, मग घोडा एफ३. काळ्याचं प्यादं ई४ला घोड्याच्या अंगावर आलं आणि घोडा डी४ला पळाला. दहाव्या चालीला एफ४, त्याने जी३चं घर हललं. काळ्याचं एच प्यादं धावत आलं आणि चौदाव्या चालीला स्पास्कीने हत्ती सरळ एच१वर नेऊन ठेवला, घे म्हणून. पांढऱ्या हत्तीने तो खाल्ला, प्यादं जी२वर पोचलं, आणि काळ्याच्या सतराव्या चालीनंतर लार्सनने डाव सोडला. काका त्या हत्तीकडे बोट दाखवून म्हणाले, “बघ, यात बी३ने काय वाईट केलंय?” मलाही तसंच वाटतं. दोष घोड्याला घाईने एफ३वर नेण्याचा आणि राजाला मध्येच ठेवण्याचा होता. त्याच वर्षी पाल्माच्या इंटरझोनलमध्ये (कँडिडेट्सच्या पात्रता स्पर्धेत) फिशरने बी३ खेळूनच मेकिंगला हरवलं.

म्हणून मी सी४ सोडून ई३ धरलं. बी३, ई५; उंट बी२, घोडा सी६; ई३, डी५; उंट बी५. इथे काळ्यासमोर पहिला खरा प्रश्न उभा राहतो: बी५चा उंट सी६चा घोडा मारणार, आणि मग ई५चं प्यादं उघडं. राखायला उंट डी६ आला की मी एफ४ करते आणि त्याच प्याद्यावर आणखी एक घाव घालते.

गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये १५ मिनिटं आणि चालीला १० सेकंद अशा स्पर्धेत सिन्नरच्या एका मुलासमोर ही स्थिती आली. बी३वर तो थांबला. आपली मोहरी एकेक करून घरांच्या मध्यावर सरळ केली आणि मग ई५ खेळला. एफ४नंतर त्याने बराच वेळ घेऊन एफ६ने ई५ राखलं. मी वजीर एच५, शह. जी६ने त्याने तो अडवला. वजीर एच४ला मागे घेतला तशी एफ६वर माझी नजर बसली. हत्तींच्या शेवटाला डाव बरोबरीत सुटला, पण मधल्या डावात घड्याळ त्याचं कमी होतं, माझं नाही. ई४ खेळून असं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. उठताना त्याने विचारलं, “ताई, हे कुठे शिकलात?” आणि मी तिथेच कडेला त्याला उंट बी५ची कल्पना समजावून सांगितली.

आता काम उरलंय ते बी३वर पहिल्याच चालीला डी५ येतं त्याचं. तिथे ई५वर मारायला प्यादं नसतं, म्हणून उंट बी२, ई३, एफ४ आणि घोडा एफ३ अशी मांडणी करून ई५चं घर धरायचं. ही मांडणी म्हणजे बर्डच. एफ४ प्यादं मी पटावर पुढे सरकवलं तसे काका खुर्ची ओढून पांढऱ्या बाजूला, माझ्या शेजारी येऊन बसले, आणि पुढच्या रविवारपासून त्यांचे जुने डाव लावायचं ठरलंय.